तेजगुरूंची सिद्ध केबल

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, लोक भिंतींना टेकून उभे होते, तरी दारातून आणखी येतच होते. मंचावर पांढरं कापड पसरलेलं टेबल होतं आणि टेबलामागे डोळे मिटून तेजगुरू उभे होते. अंगात रेशमी झगा, कानाला मायक्रोफोन.

"तुमच्यातल्याच एका भावाची ही केबल," ते म्हणाले. "दहा मिनिटं लावली. काय मिळालं?"

शिष्येने मोबाईल कॅमेऱ्यापुढे धरला. मोठ्या पडद्यावर आकडा उमटला. दोन टक्क्यांचे पाच झाले होते.

"तीन टक्के!" गुरूंनी कपाळाला हात लावला. "आता तोच मोबाईल, तोच चार्जर. फक्त केबल माझी, एकवीस पहाटे सूर्यकिरणांत न्हालेली. अहो, वीज म्हणजे माता. तुमच्या केबलमधून ती रागावून येते, माझ्यातून हसत येते. प्लगला दोन टोकं का असतात? एक देहाचं, एक आत्म्याचं!"

कापडाखाली हात घालून त्यांनी सोनेरी केबल चार्जरला जोडली. पुढची दहा मिनिटं प्रवचन झालं. पडद्यावर चौतीस टक्के दिसले तेव्हा टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

तिसऱ्या रांगेतल्या मीटरबाईने टाळी वाजवली नाही. बाजारात तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. येईल त्या चार्जरला आधी वीज मोजणारा मीटर लावायचा हा तिचा शिरस्ता, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलेलं. तिच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता.

तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या दिरांनी घरात ही केबल आणली, सोबत तसाच एक सिद्ध चार्जर. गुरूंची आज्ञा अशी की केबलला सोनेरी दोरा गुंडाळायचा आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल उशाखाली ठेवून झोपायचं, म्हणजे माणूस आणि यंत्र दोघांनाही तेज मिळतं. मीटरबाईने हातात घेताच सांगितलं होतं, "आई, हा चार्जर कागदासारखा हलका आहे. आत काहीच नाही. वापरू नका."

"तुझं दुकान बसेल ना, म्हणून तू गुरूंच्या वाईटावर," दीर फटकन म्हणाले होते. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला अजून राग येत होता.

एका दुपारी सासूबाईंच्या उशीतून धूर निघाला. झोपेतच त्यांनी चाचपडत केबल ओढली आणि मोबाईलकडचा वितळलेला प्लग तळव्याला चिकटला. तीस वर्षं त्या हाताने त्यांनी काजं आणि बटणं केली होती. आता दोन बोटं वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वळतील, पण सुई धरतील असं सांगता येत नाही. आणि सासूबाई काय म्हणाल्या? "माझीच भक्ती कमी पडली." हे वाक्य ऐकल्यापासून मीटरबाईला जेवण गोड लागत नव्हतं.

"कुणाला शंका?" मंचावरून आव्हान आलं. "यावं! गुरू परीक्षेला भीत नाही!"

मीटरबाई उठली. मंचाच्या पायरीशी विकायच्या केबलींचं खोकं घेऊन उभे असलेले दीर दातओठ खात पुटपुटले, "बस खाली. घराची अब्रू घालवशील."

ती मंचावर चढली. "गुरुजी, तुमची सोनेरी केबल तशीच राहू द्या. फक्त कापड बाजूला करू."

"कापडाला हात नको!" गुरूंचा आवाज चढला. "ऊर्जा भंगेल. ज्याची श्रद्धा डळमळते त्याला माता जाळते. त्या बघा, समोर माताजी बसल्यात. शंका मनात आली आणि हात भाजला!"

दिरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं असणार. सभागृहाच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या उठल्या आणि सुनेचा आधार न घेता मंचावर चढल्या. "माझ्या मनात शंका नव्हती," त्या गुरूंना म्हणाल्या. "उशाखाली घेऊन झोपले होते मी." आणि डाव्या हाताने त्यांनी कापड खेचलं.

खाली काळा चार्जर होता. त्याच्या पुढच्या बाजूला शेजारी शेजारी दोन टाइप-सी तोंडं. मीटरबाईने तो उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. बारीक अक्षरं पडद्यावर मोठी झाली: पहिलं तोंड पासष्ट वॅट, दुसरं पाच वॅट.

"तुमची केबल यांनी पाच वॅटवर लावली, स्वतःची पासष्टवर. आता उलटं करते." तिने प्रेक्षकातल्या त्या भावाची साधी केबल मोठ्या तोंडात घातली आणि मधे आपला मीटर जोडला. मीटरवरचा वॅटचा आकडा सरसर चढला. सोनेरी केबल छोट्या तोंडात गेली तेव्हा तो पाचाच्या आत अडकला. "माता रागावली वाटतं," ती म्हणाली. काहीजण हसले, पण फारच थोडे.

मग तिने दिरांच्या खोक्यातली एक केबल कापली. "ही दाखवायची केबल नाही, विकायची. आत केसासारख्या तारा. एवढ्या बारीक तारेतून जोराची वीज गेली की ती तापणार. वर दोरा गुंडाळलात, उशी ठेवलीत, मग उष्णता जाणार कुठे?"

"आमची तर चालते हो," मागून एक गृहस्थ म्हणाले.

"चालणारच. आईंचीही अठरा दिवस चालली."

गुरू तोवर मागच्या दाराने निघून गेले होते. लोक बिचकत बाहेर पडले. कितीतरी जणांच्या खिशातून सोनेरी दोरा लोंबत होता. एकाने जाता जाता मीटरबाईला ऐकवलं, "मोठी आली शहाणी." दीर खोकं छातीशी धरून उभेच होते. त्यांनी आईच्या हाताकडे पाहिलं नाही.

सासूबाई पायरीवर बसल्या. "म्हणजे माझी भक्ती कमी नव्हती?"

"नव्हती, आई."

"मग त्याने माझ्यावर का ढकललं?"

"कारण तुम्ही ते मान्य कराल हे त्याला ठाऊक होतं," मीटरबाई म्हणाली.

वाचकहो, चार्जर कुणाच्या आशीर्वादाने चालत नाही. त्यावरचे वॅट वाचा, तुमच्या मोबाईलला किती लागतात ते विचारा. केबल तेवढा भार पेलेल अशी आणि ओळखीच्या, जाब विचारता येईल अशा दुकानातून घ्या. प्लग हाताला चटका देत असेल तर तो लगेच काढा. चार्जिंगला लावलेला मोबाईल उशाखाली ठेवू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी कापड उचलून बघा. उचलू देत नसेल, तर उत्तर मिळालंच. सासूबाईंनी ते उचललं, पण हात भाजल्यानंतर. तुमच्यावर ती वेळ यायची गरज नाही.