मेणाच्या शेवटच्या तीन तबकड्या

गुरुवारी दंतवैद्य ऑनोरेमामाचे पुढचे दोन हलणारे दात काढणार होता. कॉर्नेट ही पितळी तुतारी फुंकणाऱ्याचे पुढचे दात गेले की ओठाला टेकू राहत नाही, मग वाजवणं संपलंच. आणि सोमवारी दुपारी रेकॉर्ड कंपनीचे हॅलोरनसाहेब आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये वाजवलेलं कोरून घ्यायच्या मेणाच्या शेवटच्या तीन तबकड्या घेऊन बसले होते. मामाची चाल त्याच्यामागे उरणार की नाही, ते त्या तीन तबकड्यांवर ठरणार होतं. आणि पियानोवर कोण? मी! शाळेतला शिवणाचा तास बुडवून!

गोदामाच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. साहेबांनी खडूने जागा आखलेल्या: मामा मायक्रोफोनपासून सहा पावलं लांब, बँजोवाला तिबो दोन पावलं आणि माझं तोंड चक्क भिंतीकडे.

पहिल्या तबकडीवर मामाने अशी काही फिरत घेतली की तिबोच्या तोंडून निघूनच गेलं, "अरे वा रे माझ्या राजा!" तबकडी बाद.

"गप्प राहता येत नाही का?" साहेब वैतागले.

"साहेब, आमच्यात चांगलं वाजल्यावर कोणी बोललं नाही, तर वाजवणाऱ्याला वाटतं आपलं चुकलं," तिबो म्हणाला.

दुसऱ्या वेळी सगळे चिडीचूप. मामा प्रत्येक ओळीनंतर दादेची वाट बघत राहिला आणि चाल रेंगाळली. तबकडी भरल्याचा, तीन मिनिटांचा दिवा लागला तेव्हा शेवट वाजायचाच होता. तीही बाद.

मामा तोंडाला रुमाल लावून, जिभेने दात चाचपत खुर्चीत बसला. "भिंतीपुढे वाजवतोय असं वाटतं रे. जाऊ दे. घरी राजमा शिजला असेल."

"जाऊ दे काय, मामा!" मी ताडकन उठले. "साहेब, माझा पियानो फिरवा. मामाला माझं तोंड दिसलं पाहिजे."

"अगं पोरी, सकाळपासून मांडामांड केलीय मी!"

"मग परत मांडा. गाडी उद्याची आहे ना तुमची?"

"मांडा साहेब," तिबो खाकरला. "हिची आईसुद्धा हिच्याशी वाद घालत नाही."

साहेबांनी पुसलं, मोजलं, परत आखलं. अर्धा तास गेला.

मग तिसरी. हात पियानोवर, पण बाकीची मी मोकळीच होते की! मामाच्या पहिल्या ओळीला भुवया उडवल्या. दुसरीला चर्चमध्ये बायका डोलवतात तशी मान डोलवली आणि तोंडाचा मोठ्ठा आ केला, आवाज न करता. तिबोने गाल आतून चावून धरले होते. मामाचे डोळे हसले. आणि त्याने असं काही वाजवलं, जे मी घरीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. अगदी हळू, थोडंसं, मध्ये जागा सोडून. त्या जागांमध्ये मी खांदे नाचवले. शेवटचा सूर लागला, आणि मग दिवा.

साहेबांनी सुई उचलली. मान हलवली. जमलं!

"ऐकवा की," मामा म्हणाला.

"मेणावर परत सुई फिरवली तर ते खरवडून जातं. छापून येईल तेव्हा ऐका. तीन महिने लागतील."

मामा माझ्याकडे वळला. "ओडिल, खरं सांग हं. कसा वाजलो?"

मी अशी आरोळी ठोकली की साहेबांच्या हातातला खडू पडला. तिबोने बँजोच्या पाठीवर थापा मारत माझ्यावर कडी केली.

"आता कसं!" मामा म्हणाला, आणि तोंडाला रुमाल न लावता, ते दोन्ही हलणारे दात दाखवत खूप वेळ हसत राहिला.