टॅविशला देऊन टाका

टॅविश मॅकरेला दुसऱ्या संघाला देऊन टाका, हे हॅलिडे क्रीक गावात पहिल्यांदा बोलला तो मी. आणि दबक्या आवाजात नाही. सकाळी दहा वाजता, को-ऑपच्या कँटीनमध्ये, कॉफीच्या टेबलावर बोललो. त्या टेबलावर बोललेलं साडेदहापर्यंत गावाच्या पार टोकाला पोचतं.

व्हर्ना टोलफसनने कप आपटला. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"ओरेस्ट, जीभ झडो तुझी! कॅप्टन आहे तो आपला!"

"अठरा संघांत आपण अठरावे आहोत. कॅप्टन कशाचा, बुडत्या होडीचा?"

"अरे, तुझ्या घरात राहतो तो! तुझ्या ताटातलं जेवतो!"

"म्हणूनच तर सांगतोय."

आमच्या बॅजर्स या आइस हॉकीच्या संघाला कुणी शेठ नाही. संघ गावाचा आहे, त्यामुळे गावातला प्रत्येक शहाणा स्वतःला मॅनेजर समजतो. खेळणारी पोरं सोळा ते वीस वर्षांची असतात. ती बाहेरगावाहून येतात आणि गावातल्या घरांमध्ये घरच्यासारखी राहतात. टॅविश सोळाव्या वर्षी आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग, दोन स्टिका आणि तोंडभर पुटकुळ्या होत्या. आता तो वीस वर्षांचा आहे, आणि या लीगमध्ये वीस म्हणजे म्हातारपण. मार्चमध्ये हंगाम संपला की त्याला इथे जागा नाही.

आणि आमचा संघ पार मोडकळीला आलेला. नव्याने बांधायचा तर कोवळी पोरं हवीत. तिकडे किनाऱ्यावरचा एक संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता आणि त्यांना बचावाला अनुभवी माणूस हवा होता. टॅविशच्या बदल्यात ते सोळा वर्षांचा एक चांगला पोरगा द्यायला तयार होते, शिवाय पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांच्या निवडीतली त्यांची पहिली पाळी. मुदत दहा जानेवारीची. पण आमच्या क्लबाचा नियम असा, की जो पोरगा चार हंगाम इथे खेळला त्याला त्याच्या सहीशिवाय कुठे पाठवता येत नाही.

"बारकी पोरं त्याची बावीस नंबरची जर्सी घालून येतात," गेब लाफ्रँबोआ म्हणाला. गेब आमच्या रिंकवरचा बर्फ सारखा करणारं यंत्र चालवतो. बोलतोही तसाच, सावकाश, गोल गोल. "त्यांना काय सांगू मी? तुमचा हिरो विकला म्हणून?"

"सांग, की त्याला चांगल्या जागी धाडला. इथे त्याला बघायला कोण येतं? मोठ्या संघांची माणसं शेवटच्या नंबरच्या रिंकवर पेट्रोल जाळत येत नाहीत. तुम्ही टाळ्या वाजवणार, मार्चमध्ये त्याला एक घड्याळ देणार, रडणार, आणि एप्रिलमध्ये तो बापासारखा खाणीत उतरणार. याला तुम्ही प्रेम म्हणता? गावाला पोरगं आवडलं की गाव त्याला लोणच्यासारखं बरणीत दाबून ठेवतं!"

"निष्ठा नावाची चीज असते," व्हर्ना म्हणाली.

"निष्ठा त्याने ठेवायची आणि मजा तुम्ही बघायची. वा!"

त्या दिवसापासून व्हर्ना माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे टेबलावर समोरच बसायची, पण गेबला म्हणायची, "त्याला सांग, साखर सरकव."

हे सगळं मी टेबलावर ओरडत होतो, रिंकवर ओरडत होतो, पेट्रोल भरताना ओरडत होतो. ज्याच्याबद्दल ओरडत होतो त्याला मात्र एक अक्षर बोललो नव्हतो. कारण ल्युबाचा कायदा. ल्युबा माझी बायको. पहिल्या वर्षी एकदा संघ सात-एकने हरला आणि मी जेवताना पोराची खरडपट्टी काढली. सोळा वर्षांचं पोर ताट तसंच सोडून तळघरातल्या खोलीत गेलं. ल्युबाने पळी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "या घरात हॉकीचा शब्द काढलास तर तुझं जेवण बंद. बाहेर सगळं गाव त्याला शिकवतं. इथे तो फक्त जेवेल." बरोबरच होतं तिचं. साडेचार वर्षं मी त्या पोराशी बटाट्यांवर बोललो, गाडीच्या इंजिनावर बोललो, त्याच्या प्रेमभंगावर बोललो. तो मला गीदो म्हणू लागला. आमच्या युक्रेनी घरांत आजोबाला गीदो म्हणतात. हॉकी तेवढी राहिली.

मग मी गाढवपणा केला.

दर मंगळवारी संध्याकाळी गावच्या रेडिओवर हॉकीचा तास असतो. लोक फोन करतात आणि आपली अक्कल पाजळतात. मी फोन केला, नाव सांगितलं 'उत्तरेकडचा पीट', आणि आवाज घोगरा काढला.

"बोल ओरेस्ट," निवेदक म्हणाला.

तरी मी थांबलो नाही. "मॅकरेला देऊन टाका! आजच्या आज! त्याला ठेवून घेण्यात आपला काडीचा फायदा नाही!" घाईत त्याच्या भल्याचं जे आधी सांगायचं ते राहिलं आणि जे शेवटी सांगायचं ते आधी निघालं. आणि निवेदकाने पुढचा फोन घेतला.

सराव आटोपून कपडे बदलताना अख्खा संघ तो कार्यक्रम लावतो, हे मला माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत आहे.

त्या रात्री टॅविश आला, पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या, ताट धुऊन ठेवलं आणि म्हणाला, "जेवणाबद्दल आभार."

ल्युबाने माझ्याकडे पाहिलं. साडेचार वर्षांत त्या घरात कुणी कुणाचे आभार मानले नव्हते. "अजून आहे का?" एवढंच विचारायची पद्धत होती.

दोन दिवसांनी मॅनेजरने जाहीर केलं, मॅकरेने सही करायला नकार दिला. गाव नाचायला लागलं. बेकरीने काचेवर साखरेच्या पाकाने बावीसचा आकडा काढला. व्हर्ना गेबला म्हणाली, "त्याला सांग, याला म्हणतात काळीज." मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

नऊ जानेवारी. मुदत संपायला एक दिवस. जेवायला तिघंच. मी काटा खाली ठेवला.

"सही का करत नाहीस?"

"ओरेस्ट," ल्युबा म्हणाली.

"आज जेवण बंद कर माझं. बोल रे, का नाही करत?"

टॅविश ताटाकडे बघत बसला. मान खाली, कान लाल. "तुम्हाला खोली रिकामी हवी असेल तर सरळ सांगा ना, गीदो. मी दुसरं घर बघतो. रेडिओवर कशाला?"

 मला वाटत होतं, पोराला टाळ्यांची चटक लागलीय.

"आणि आता गेलो, तर लोक म्हणणार, घरच्यांनीच हाकलला," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाला काळं फासून मला जायचं नाही. शिवाय ल्युबाच्या कमरेचं ऑपरेशन आत्ताच झालंय. तळघरातून कपड्यांची टोपली कोण आणणार? तुम्ही? मागच्या वेळी तुम्ही टोपलीसकट खाली आला होतात."

"तीन पायऱ्या होत्या फक्त!"

"सात," ल्युबा म्हणाली. "आणि माझ्या कमरेला कुणी मध्ये आणू नका. तिला न विचारता तिच्यासाठी काही सोडायचं नाही."

मी उठलो, बसलो, परत उठलो. बोलायला एवढं होतं, की तोंडाशी दाटी झाली. "हे बघ. मागे सरकताना डाव्या बाजूला तू अर्धं पाऊल उशीर करतोस. दुसऱ्या वर्षापासून करतोस, गुडघा दुखावला तेव्हापासून. बाकी बचाव तुझ्यासारखा या लीगमध्ये तिघांचाही नाही. ते अर्धं पाऊल दुरुस्त होण्यासारखं आहे, पण आपल्या प्रशिक्षकाला दिसत नाही, तो गाढव फक्त पाठीवर थापा मारतो. तिकडच्या माणसाला दिसेल. आणि तिकडे बघणारे येतात."

टॅविशने मान वर केली. "हे तुम्हाला कधी दिसलं?"

"कधी म्हणजे? प्रत्येक सामन्यात! घरचे सगळे बघितले, बाहेरचे रेडिओवर ऐकले. ज्या दिवशी तू ते पाऊल वेळेवर टाकतोस त्या दिवशी मला झोप लागते."

"चार वर्षं एक शब्द बोलला नाहीत."

"हिने बोलू दिलं नाही!"

"आता बोलतोयस तर धड बोल," ल्युबा म्हणाली. "गुडघे, पावलं काय लावलंयस? मुद्द्याचं सांग त्याला."

मुद्द्याचं सांगणं मला येत नाही. शिव्या येतात. तरी सांगितलं. "तू जावंस असं मला वाटतं. तू इथून जाऊ नयेस असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं पहिलंच तेवढं मी गावभर ओरडत फिरलो, कारण दुसरं कॉफीच्या टेबलावर सांगायची मला लाज वाटते. खोलीचं पुन्हा बोललास तर कानाखाली वाजवीन."

 मग टॅविशने ताट पुढे केलं. "अजून आहे का?"

ल्युबाने बारा पेरोगी वाढल्या. त्याने सगळ्या खाल्ल्या, हात पुसले आणि मॅनेजरला फोन लावला.

सकाळी उणे चौतीस. विमान सॅस्कटूनहून, गाडीने तीन तास. मी अंगणात गाडी गरम करत होतो, तेवढ्यात व्हर्ना आली. शाल, टोपी, नाकापर्यंत मफलर.

"उतर," ती म्हणाली. अकरा दिवसांनी थेट माझ्याशी. "मी नेते त्याला. तू डोळे पुसत गाडी खड्ड्यात घालशील, आणि एवढं करून पोरगं पोचायचंच नाही."

"मी रडत नाहीये. थंडी आहे."

"हो, आणि मी नाचणारी आहे. चुकतोयस तू अजूनही, ओरेस्ट. संघाचा कणा दिलास. हो बाजूला."

टॅविशने ल्युबाला उचलून मिठी मारली, कंबर सांभाळून. माझ्याशी हात मिळवायला आला आणि मध्येच विसरून गळ्यात पडला. मी म्हटलं, "डावा पाय." तो म्हणाला, "हो." गाडी गेली.

मी तळघरात गेलो. खोली झाडलेली. गादीवरची चादर काढून, उशीचा अभ्रा काढून, नीट घडी घालून पायथ्याशी ठेवलेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चादरीची घडी करून कोण जातं? पाहुणा जातो! मी तिथूनच फोन लावला. गाडी फार तर गव्हाच्या कोठारापर्यंत गेली असेल.

"चादर कुणी काढायला सांगितली तुला?"

"गीदो, ते नवीन पोरगं येणार ना उद्या. ल्युबाने ठेवून घेतलंय त्याला. त्याच्यासाठी."

"त्याला वर शिवणाची खोली दिलीय. ल्युबाने माझ्याकडून मशीन हलवूनसुद्धा घेतलंय. ही कुणाची खोली आहे असं वाटलं तुला? जूनमध्ये येशील तेव्हा झोपणार कुठे, अंगणात?"

 पलीकडून व्हर्नाचा आवाज आला, मागच्या बाकापर्यंत जाणारा: "ओरेस्ट, फोन ठेव! आता हा रडतोय, आणि मला रस्ता दिसेनासा झालाय!"

मी फोन ठेवला आणि चादर घालायला घेतली. कोपरे मला कधीच जमत नाहीत. ल्युबा कठडा धरून सात पायऱ्या उतरून आली आणि तिने दुसरी बाजू धरली.