खोडता येत नाही

टेंडर उघडलं आणि सगळ्यांत खालचा आकडा वहिनींचा निघाला. बांधकामाच्या धंद्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. पुढचा आकडा त्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. हॉलमध्ये कुणीतरी अभिनंदन केलं, वहिनींनी मात्र कपाळावर हात मारला.

शाळेमागचा चढ ढासळू नये म्हणून सरकारी पैशातून भिंत बांधायची होती. त्यांच्या आधीच्या तिन्ही कामांत लोखंड सरकारी ऑफिसच पुरवायचं. त्याच सवयीनं धाकट्या दिरानं टेंडरमध्ये लोखंडाच्या रकान्यात नुसती सळ्या वाकवण्या-बांधण्याची मजुरी भरली होती. लोखंडाची किंमत धरलीच नव्हती. त्याच दुपारी वहिनींनी सगळे हिशेब जोडून अर्ज दिला, की चूक झाली, टेंडर मागे घेऊ द्या.

त्या अर्जावर सुनावणी लागली पंधरा दिवसांनी. आणि न्याय करायला बसले कोण? ज्यांनी याच टेंडरच्या जाहिरातीत तीनदा घोळ घालून तीनदा शुद्धिपत्रक काढलं, तेच! एकदा तर भिंतीची उंचीच चुकली होती. यांची चूक ती दुरुस्ती आणि वहिनींची चूक तो गुन्हा.

"एकदा लिहिलं की लिहिलं, बाई," मोठे साहेब म्हणाले. "आमच्याकडे खोडता येत नाही. काम करा, नाहीतर अनामत जप्त."

"साहेब, तुमचा स्वतःचा अंदाज माझ्या दुप्पट होता. माझा आकडा बघून काहीतरी राहिलंय हे कळलं नाही तुम्हाला?"

"ते बघणं आमचं काम नाही."

दीर मान खाली घालून बसला होता. अनामतीसाठी काँक्रीटचा मिक्सर गहाण पडला होता. तो गेला तर धंदाच बसणार.

साहेबांना बहुधा दया आली. ते पुढे वाकले. "अहो, बांधून झाल्यावर आत किती सळ्या आहेत हे कोण मोजायला येतंय? करा थोडं इकडचं तिकडं."

"वहिनी, साहेब म्हणतायत तर..." दिराच्या जिवात जीव आला.

"गप्प बस! पोरं खेळणार आहेत त्या भिंतीखाली." वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खुर्चीवर बसून माणूस इतक्या सहज असं बोलतो?

कारकुनानं सुनावणीचं रजिस्टर पुढे सरकवलं. पानांवर छापील नंबर होते, म्हणजे एकही पान फाडायची सोय नव्हती. अर्जदारानं आपलं म्हणणं लिहून सही करायची, अशी पद्धत. वहिनींनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'भिंतीत सळ्या कमी घालून भागवा, असं साहेबांनी सांगितलं. मला मान्य नाही. अनामत जप्त करा.' सही ठोकून त्यांनी रजिस्टर दिराकडे ढकललं. "साक्षीदार म्हणून कर."

त्यानं वाचलं, वहिनींकडे पाहिलं आणि सही केली.

साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे काय लिहिलंत? खोडा, खोडा आधी ते!"

वहिनींनी पेनाला टोपण लावलं.

"तुमच्याकडे खोडता येत नाही ना, साहेब?"