चादरींपासून सुरुवात

चिमणीच्या पत्राला मामांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र येऊन महिना उलटला होता. टीव्हीखालच्या फळीवर ते पडून होतं, आणि पुस्तकातून मान वर केली की नेमकं तेच दिसे.

चिमणी म्हणजे बहिणीची मुलगी. तिनं पहिला सिनेमा केला होता. पत्रासोबत पेनड्राइव्ह होता. ‘मामा, सुरुवात पाठवतेय. निर्माते म्हणतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, पण लांबलीय, मधलं कापा. तू म्हणशील तसं करीन.’

त्या शेवटच्या वाक्यानंच घोळ केला होता. मामांचा सगळा जन्म दुसऱ्यांचे सिनेमे कापण्याजोडण्यात गेला. स्टुडिओत त्यांना कात्रीमामा म्हणत. पण फिल्म कापायचं ते टेबल भंगारात निघालं तेव्हा आपली अक्कलही त्याच हातगाडीवर चढली असणार, असं त्यांना मनोमन वाटे.

सुरुवात त्यांनी कितीदा तरी पाहिली होती. धुक्यातून वर येणारं तांबडं आभाळ, छपरं, पाखरांचे थवे. मग धुलाईखान्याचं अंगण, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. एका चादरीमागं बाईची सावली येते, थांबते, बराच वेळ थांबते. मग चादर बाजूला होते आणि चेहरा दिसतो. सगळंच देखणं. म्हणूनच काय लिहावं ते कळत नव्हतं.

सकाळी बहिणीचा फोन आला.

“अरे, पोरीला काहीतरी कळव. शुक्रवारी सिनेमा पक्का करतायत. तू गप्प राहिलास तर ते मधलं कापून मोकळे होतील.”

“छान आहे गं.”

“छान आहे हे आमच्या दूधवाल्यानंही सांगितलं! तुला कशाला विचारलंय मग?”

फोनवर मामांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. “लिहितो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग कपाटातून मेणाची जाड पेन्सिल काढली. जुनी खोड. आवाज बंद करायचा, चित्र चालू करायचं आणि नजर जाईल तिथं, विचार न करता, टीव्हीच्या काचेवर टिंब द्यायचं.

मामी चहा घेऊन आल्या. “अहो! लहान मुलं निदान भिंतीवर तरी रेघोट्या मारतात.”

“पुसून देतो.”

“तुम्ही आणि पुसणार! हे काय, टीव्हीला गोवर आलाय का?”

खरंच तसं दिसत होतं. आभाळ संपेपर्यंत काचभर टिंबं विखुरली होती. नजर कुठं म्हणून बसली नव्हती. सावली थांबली तिथं मात्र टिंबांवर टिंबं पडून एकच काळा ठिपका झाला होता. ती पुढं येणार की मागं फिरणार, एवढंच नजरेला हवं होतं. आणि निर्माते कापायला निघाले होते ते नेमकं हेच. तिथं काही घडत नाही म्हणून.

मामा खुर्चीत टेकले. “कापायचं ते आभाळ,” ते म्हणाले. आणि आभाळासाठी चिमणी अंगात ताप असताना थंडीत रोज पहाटे गच्चीवर चढली होती.

“मग लिहा की तसं,” मामी म्हणाल्या.

“हिरमुसेल गं. आणि माझे डोळे हे असले, मोतीबिंदू काढलेले. त्यांचा काय भरवसा?”

“आणि नाही लिहिलंत तर काय फुलं पडणार आहेत तिच्यावर?”

मामांनी काच पुसली आणि पेन्सिल मामींच्या हातात दिली. “तू दे खुणा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“म्हणूनच.”

आभाळ सुरू झालं. “कुठं देऊ? सगळीकडंच काही ना काही आहे,” असं पुटपुटत मामींनी इथं तिथं टिंबं दिली. मग चादरी आल्या. सावली आली, थांबली. मामींचा हात पेन्सिलीसकट हवेतच राहिला. चेहरा दिसल्यावर त्या म्हणाल्या, “अगंबाई, खूण द्यायची राहिलीच की.”

मामांनी टीव्ही बंद केला आणि कागद ओढला.

‘चिमणे, आभाळ सगळं काढ. चादरींपासून सुरू कर. बाई थांबते तिथं कुणालाही हात लावू देऊ नकोस. आभाळ फार सुंदर आहे, तुझा तापही मला ठाऊक आहे. पण ते बघून संपतं, आणि बाईपाशी माणूस थांबतो. तुला राग येईल. येऊ दे.’ त्याखाली ‘मी चुकतही असेन’ असं लिहिलं.

“ते खोडा,” मागून मामी म्हणाल्या.

“राहू दे. तेही खरंच आहे.”

आज टाकलं तर गुरुवारी पोचणार होतं. दुपारच्या उन्हात दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. मामांचे गुडघे बोलत होते. त्यांनी पाकीट आत सोडलं, आणि परत चालवेना म्हणून तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले.