माझ्या आईचा फोन

माझ्या रूममेटला आम्ही टकळी म्हणायचो, कारण तिचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नावच नाही. बडबड मी सोसली असती. पण तिला एक घाणेरडी सवय होती. फोन कोणाचाही वाजो, उचलणार हीच.

आईचा फोन नेमका मी अंघोळीला गेल्यावर यायचा. बाहेर येऊन बघावं, तर बाईसाहेब माझ्याच खाटेवर मांडी ठोकून बसलेल्या. "काय सांगता काकू!" आणि वर खिदळणं. फोन माझ्या हातात येईपर्यंत आईचं बोलणं आटपलेलं असायचं. "जेवलीस? बरं, ठेवते." आयत्या बिळावर नागोबा! आई माझी आणि गप्पा हिच्याशी. खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचं माझ्या. माझ्याशी बोलताना आई इतकी कधी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

एक दिवस माझी सटकली. "तुला स्वतःची आई नाही का गं?"

"आहे की," ती म्हणाली, "पण ती कुठं एवढं बोलते?"

"तो तुझा प्रश्न. माझ्या फोनला हात लावलास तर याद राख."

"बरं, नाही लावत," ती म्हणाली. तरी माझा काही भरवसा बसेना. मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंघोळीला नेऊ लागले. आता आईचे फोन सगळे माझे.

पण बोलायचं काय? फोन खांद्याने कानाशी दाबून धरायचा आणि ड्रॉइंग शीटवर रेघा मारत राहायचं. "आई, लवकर बोल, शीट उद्या द्यायचीय." आई म्हणायची, "काही नाही, सहज केला."

पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "ती आहे का गं तिथं? दे जरा."

नाही कसं म्हणणार? दिला. पेन्सिल हातात, पण कान तिकडेच. टकळी आधी हसली, मग तिचा आवाज उतरला.

"टाके निघाले का काकू? दुखतंय अजून? नाही हो, तिला नाही बोलले. शप्पथ."

मी फोन हिसकावूनच घेतला. "आई, कसले टाके?"

"अगं, छोटी गाठ होती. काढली. साधीच निघाली, घाबरू नकोस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सुरुवात केली होती. तुला शीट द्यायची होती."

मी पेन्सिल खाली ठेवली. "आता सांग. पहिल्यापासून सगळं सांग. मला वेळ आहे."

 आई दमलेल्या आवाजात म्हणाली, "तिला सगळं सांगून झालंय गं. पुन्हा कुठं तेच उगाळत बसू? तिलाच विचार ना."

फोन बंद झाला. टकळी खाली मान घालून उभी होती. एरवी थांबवूनही न थांबणारी ती, आता एक अक्षर बोलेना. मलाच तिला विचारावं लागलं.