डावी पाकळी

कस्तुराबाईच्या घरात कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची रीत नव्हती. एकदा कस्तुराबाईला विचारायची, आणि तिला वाटलंच तर ती देवाला विचारायची. देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देव्हाऱ्यात चांदीचा टाक होता, तळहाताएवढा, संगमेश्वराकडच्या गावाहून सासूनं दिलेला. त्यावर तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी पडेल त्या बाजूला देवाचा होकार. मग कुणी ब्र काढायचा नाही. तिचा नवरा ज्ञानदेव आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात तीस वर्षं राबला, दोन मजले चढवले आणि गेला. पण घराचं दार कुठल्या तोंडाला ठेवायचं हेसुद्धा त्याला पाकळीनंच सांगितलं. गल्लीतल्या बाया लेकीबाळींची लग्नं घेऊन तिच्याकडे यायच्या. कस्तुराबाईचा कौल म्हणजे दगडावरची रेघ, असं बोलायच्या.

त्या बुधवारी भांडण लागलं ते संगणकाचं.

संगणक तसा नातवाचा, आयुषचा. त्याला दहावीत ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा कस्तुराबाईनंच मुलाच्या, सुजितच्या, मागे लागून तो खेळायचा मोठा संगणक घरात आणवला. आत दिवे लागतात, पंखे फिरतात, जत्रेतला पाळणा जणू. त्याच्या तीन वर्षं आधी नातीला, साक्षीला, एक्क्याण्णव पडले होते. तिला घड्याळ मिळालं होतं.

"आजी, तूच सांग आता," आयुष म्हणाला. "संगणक म्हणजे नुसता डबा. आतून त्याला चालवणारा कुणीतरी लागतो. आपल्यात दोन आहेत. विंडोज माझं, लिनक्स ताईचं. अर्धी जागा तिचं लिनक्स खाऊन बसलंय. माझा खेळ आता एवढा फुगलाय की मावत नाही. शुक्रवारी आमच्या टीमची मॅच आहे."

"मग तू पण तिच्या त्या लिनक्सवर खेळ की मेल्या."

"नाही उघडत तिथं. खेळवाल्यांनीच बंद ठेवलंय."

साक्षी दाराला टेकून उभी होती. आकुर्डीच्याच कॉलेजातलं तिचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं होतं. "आणि माझा रोबोट लिनक्सवरच चालतो, आजी. शनिवारी निघोज्याच्या कंपनीत परीक्षा आहे. शनिवारपर्यंत थांबू दे त्याला. मग मीच काढून देते."

"रोबोट? कुठाय तो? आमाला नाय दिसला कधी."

"पडद्यावर असतो. कंपनीत खरा हात असतो लोखंडाचा, गाडीचे पत्रे जोडणारा. तो कसा हलवायचा ते मी इथं शिकते. कॉलेजचे संगणक त्या ओझ्यानं बंद पडतात."

"घरातली भांडी घासायला हात नाय उचलत, नि लोखंडाचे हात हलवतेय," कस्तुराबाई म्हणाली. आयुष खिदळला. साक्षी नाही हसली.

"आजी, दहाजणांत दोघांना घेणार आहेत. मला जमतंय. फक्त तीन दिवस हात बसायला पाहिजे."

मोरीशी भांडी विसळत असलेली सून वर्षाली हात तसेच ओले ठेवून ऐकत होती. सुजित दुसऱ्या शिफ्टला गेलेला. घरात न्यायनिवाडा करणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि असतं तरी कुणी केला असता म्हणा.

कस्तुराबाईनं मनात निवाडा केव्हाच केला होता. पोरगी गुणाची, तेच तर दुखणं. कंपनीत लागली की चार पैसे, मग स्वतःचं मत, मग माण गावात आयटीतल्या पोरींबरोबर खोली. शेजारच्या शालनबाईची अंजली तशीच गेली, आता सणाला पाहुण्यासारखी येते. आयुष काय, आज खेळेल, उद्या विसरेल. त्याचा हट्ट तळहातावर झेलण्याएवढा. पोरीचा हट्ट उंबऱ्याबाहेर नेणारा.

पण हे तोंडानं बोललं तर वाईटपणा येतो. वाईटपणा घ्यायला देव असतो.

"दिवेलागणीला कौल लावते," ती म्हणाली. "उजवी पाकळी आयुषची, डावी साक्षीची. देव बोलेल ते करायचं. मान्य?"

लहानपणापासून साक्षीनं तो टाक पाहिला होता. आजी फटकळ, आजी दुजाभाव करणारी, पण देव तरी सरळ असेल, असं तिला वाटलं असावं. "मान्य," ती म्हणाली.

देव्हाऱ्याखालच्या फडताळात पंचामृताची मधाची बाटली असे. दिवेलागणीला कस्तुराबाई आधी एकटीच बसली, दार लोटून. उजवी पाकळी पाण्यात बुडवून लावली. डावीला पाठीमागून करंगळीनं मधाचा थेंब. एवढंच. तिच्या मते यात खोटं काही नव्हतं. देवाला घर चालवावं लागत नाही. ज्याला चालवावं लागतं त्यानं देवाला थोडा हात द्यावा. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. तिला चौथीतून काढायचं का, याचा कौल तिच्या आजीनं लावला होता, आणि दुसऱ्या दिवशी माहेरच्या टाकावरच्या मुंग्या झाडायला कस्तुरालाच बसवलं होतं. शाळेऐवजी ती तेवढं शिकली.

मग सगळ्यांना आत बोलावलं. उजवी पाकळी निरांजनाच्या धगीनं सुकली, कड वळली आणि पडली. डावी जशीच्या तशी.

आयुषनं उडी मारली. साक्षीनं टाकाला हात जोडले, उठली आणि सरळ संगणकापुढे जाऊन बसली. आपलं लिनक्स तिनं आपल्याच हातानं पुसलं. पुसायच्या आधी यंत्रानं दोनदा विचारलं म्हणे, नक्की पुसू का, म्हणून. यंत्रानं तरी दोनदा विचारलं.

गुरुवारी सकाळी वर्षाली देव्हारा पुसायला बसली आणि बसूनच राहिली.

"आई, टाकाला मुंग्या लागल्यात."

"मग झाड की. मुंग्यांची पण परवानगी काढू काय?"

"डाव्याच बाजूला लागल्यात."

कस्तुराबाईनं माळेचा एक मणी पुढे ढकलला. "देवाच्या घरी उजवं डावं मुंग्यांना काय कळतंय!"

वर्षालीनं मुंग्या झाडल्या.

शुक्रवारी आयुषची टीम पहिल्याच फेरीत हरली. कुणा बंटीमुळे हरली म्हणाला, आणि रविवारपासून तो मोबाइलवरच क्रिकेट बघत लोळायला लागला. शनिवारी साक्षी निघोज्याला जाऊन आली. चपला काढता काढता तिनं एवढंच सांगितलं की पडद्यावरचा हात दिलेल्या जागी नेता नेता खांबाला धडकला. एकदा नाही, दोनदा. दोन मुलं घेतली. तिला म्हणाले, लाइनवर ठेकेदाराकडून लागायचं असेल तर सोमवारपासून या, वायरींना टोप्या बसवायच्या आहेत.

"मग जाऊ नको. कोण बोललं जा म्हणून?" कस्तुराबाई म्हणाली.

"जाणार आहे. देवानं नोकरी करू नको असं नव्हतं सांगितलं, आजी. लिनक्स काढ एवढंच सांगितलं होतं."

आणि ती सोमवारपासून पहाटेच्या कंपनीच्या बसनं जायला लागली. आठ तास उभं राहायचं, संध्याकाळी पाय सुजवून यायचं. आजी डबा केलाय म्हणाली की "हो." आजी थकलीस का म्हणाली की "हो." भांडली असती तर कस्तुराबाईला बरं वाटलं असतं. भांडणात तिला कुणी हरवलं नव्हतं.

बोलली ती वर्षाली. दुपारी, तांदूळ निवडताना, मान वर न करता.

"मला लग्नानंतर कंपनीत कॅन्टीनचं काम लागत होतं. तेव्हा तुम्ही कौल लावला होतात. जाऊ दे तर उजवी, नको तर डावी. डावी पडली."

"पडली असेल. बावीस वर्षांपूर्वीचं आता काय?"

"दुसऱ्या दिवशी उजवीकडे मुंग्या होत्या, आई. मी नवी सून. मला वाटलं, मुंग्या काय, येतात." तिनं एक खडा बाजूला टाकला. "आणि परवा सगळं कळूनही मी गप्प बसले. गुरुवारीच पोरीला सांगितलं असतं तर दोन दिवस तरी मिळाले असते. तुमच्या हाताखाली बावीस वर्षं काढली ती अशी फळाला आली."

कस्तुराबाईनं ताट आपल्यापुढे ओढलं आणि उरलेले तांदूळ स्वतःच निवडायला घेतले.

पुढच्या मंगळवारी शालनबाई आली. मुलाचं, ओंकारचं, ठरत होतं. एक स्थळ चाकणचं, एक चिंचवडचं. "कस्तुराबाई, तुमच्या कौलाशिवाय मी पुढं पाऊल टाकायची नाय." साक्षीची त्या दिवशी सुट्टी होती, ती खिडकीत बसून पायाला तेल चोळत होती.

वर्षालीनं न सांगताच ताट आणून ठेवलं. तगरीच्या दोन पाकळ्या, पाण्याची वाटी, आणि शेजारी, झाकण काढून, मधाची बाटली.

"मध कशाला गं?" शालनबाईनं विचारलं.

"आईंना विचारा."

साक्षीचा तेलाचा हात थांबला. तिनं बाटलीकडे बघितलं, मग टाकाच्या डाव्या बाजूकडे, मग आजीकडे. पोरगी गुणाचीच होती. तिला मुंग्यांचं सांगावं लागलं नाही.

"खोकला झालाय मला," कस्तुराबाई म्हणाली, आणि बोटभर मध चाटून दाखवला. मग पाकळ्या घेतल्या. सगळ्यांच्या नजरा तिच्या करंगळीवर. जन्मात पहिल्यांदा तिनं दोन्ही पाकळ्या नुसत्या पाण्यानं लावल्या. उजवी चाकणची, डावी चिंचवडची.

दोन्ही थोडा वेळ तशाच राहिल्या. मग डावी पडली. आपोआप, कुणी हात न देता.

"चिंचवड!" शालनबाईनं टाळी वाजवली, टाकाला डोकं टेकलं आणि पेढे आणायला निघून गेली. वर्षालीनं बाटलीला झाकण लावलं. साक्षी उठून आजीसमोर येऊन उभी राहिली. कस्तुराबाईला वाटलं, आता बोलेल. बोल बाई, शिव्या घाल.

"बुधवारी नुसतं पाणी लावलं असतंस," साक्षी म्हणाली, "तर कुठली पडली असती गं, आजी?"

उत्तराची वाट न बघता ती आत गेली. कस्तुराबाई टाकापुढे बसून राहिली. ताटात एक पाकळी पडलेली, एक टाकाला चिकटलेली. थोड्या वेळानं तीही पडली, पण तोवर तिला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.