'थड'ची व्याख्या

शब्दकोशाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर बोलायचं नाही, असा रिवाज होता. तशी पाटी नव्हती. पाटी लावायची म्हटलं असतं तर आधी 'रिवाज' या शब्दावरच सहा महिने खल झाला असता. कुणाला काही सांगायचं असलं की त्याने चिठ्ठी लिहायची आणि दोन टेबलांमधल्या उभ्या लाकडी फळीवरून पलीकडच्या ट्रेमध्ये सोडायची. फळीवरून डोकावणं मात्र असभ्य. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावातल्या या कचेरीत ऑरिन टास्करने अशी एकतीस वर्षं काढली होती. फळीपलीकडे मिस विनिफ्रेड पेल बसत. त्यांचं अक्षर तो चेहऱ्यापेक्षा चांगलं ओळखत असे.

फेब्रुवारीअखेर तो निवृत्त होणार होता. अकरा हजार शब्दांवरून त्याचा हात फिरला होता, पण बहुतेक ठिकाणी त्याने दुसऱ्याच्या व्याख्येतला स्वल्पविराम हलवला होता, इतकंच. 'थड' हा इंग्रजी शब्द तेवढा पहिल्यापासून त्याचा. स्कॉटलंडात कधीकाळी त्याचा अर्थ वाऱ्याचा झोत असा होता, तोही त्याने शोधून काढला होता. घरी जिन्यावरून पिठाची पिशवी, ओलं ब्लँकेट आणि कोशाचा जुना खंड टाकून पाहिले होते. मग लिहिलं होतं: 'जड व मऊ आघाताचा, प्रतिध्वनी नसलेला, बोथट आवाज.' बस्स. हे छापून आलं की जन्माचं काम झालं. फक्त दुसऱ्या वाचकाची मंजुरीची आद्याक्षरं हवी होती, आणि दुसऱ्या वाचक होत्या मिस पेल.

त्या अडून बसल्या. त्यांचं म्हणणं, आवाज काय हवेतून येतो? काहीतरी पडतं तेव्हा येतो. व्याख्येत पडणारी वस्तू हवी.

परिशिष्टात इतर भाषांतले प्रतिशब्द द्यायचे होते, म्हणून प्राध्यापकांना पत्रं गेली होती. स्पॅनिशवाल्यांनी 'बहिरा ठोका' असं कळवलं, फ्रेंचवाल्यांनी 'बहिरा आवाज'. ऑरिन खूश झाला; काय पडलं याची चौकशी दोघांनीही केली नव्हती. त्याने तशी चिठ्ठी टाकली. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'बहिरा कोण? आवाज की ऐकणारा?' इटालियन प्राध्यापकाने मात्र आपल्या शब्दात पडणं आलंच, असं लिहिलं. त्या पत्राला मिस पेल यांनी लाल पेन्सिलीने चौकट केली. ऑरिनने उलट कळवलं की इंग्रजी शब्दाचा अर्थ इटलीने ठरवू नये.

जिन्यावर मात्र बोलायला मोकळीक होती. एकदा त्याच्या हातात सँडविच असतानाच मिस पेल यांनी त्याला तिथे गाठलं.

"मिस्टर टास्कर, तुमच्या घरात वर थड झालं तर तुम्ही काय म्हणता?"

"मी एकटा राहतो, मिस पेल. कुणाला म्हणणार?"

"तरीच. चार माणसांत राहणारा आधी विचारतो, काय पडलं? मग जिना चढतो. ते तुमच्या व्याख्येत कुठंय?"

"जिना चढणं हे कोशाचं काम नाही. तुमच्याकडे पुरावा असला तर आणा."

"आणते की. तुम्ही जायच्या आत आणते," असं म्हणून त्या आपल्या सफरचंदासह वर गेल्या.

तीन आठवडे उरले, दोन उरले. आद्याक्षरं येईनात.

त्या गुरुवारी ऊन पडलं होतं आणि छपरावरचा बर्फ सकाळपासून घसरत होता. ऑरिन प्रत्येक घसरणीच्या आवाजाची चिठ्ठी करत होता. तीन वाजून दहा मिनिटांनी एक वेगळा आवाज आला. बर्फाचा नव्हे. जड, मऊ, बोथट; प्रतिध्वनी अजिबात नाही. एकतीस वर्षांत इतका स्वच्छ नमुना त्याने ऐकला नव्हता. त्याने पेन्सिल उचलली आणि लिहिलं: 'गुरुवार, ३.१०. फळीच्या दिशेने. व्याख्येशी तंतोतंत जुळतो. काय पडलं ते ठाऊक नाही, तरीही शब्द ओळखता आला. कृपया मंजुरी द्यावी.' चिठ्ठी फळीवरून सोडली आणि तो वाट पाहू लागला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. बाई निरुत्तर झाल्या, असं त्याला वाटलं, आणि बरंही वाटलं. ते सुख त्याने आणखी दहा मिनिटं चाखलं. मग मात्र राहवेना. तो उठला आणि फळीवरून डोकावला.

रुग्णवाहिकेच्या माणसांनी पहिला प्रश्न विचारला, बाई पडल्या कधी? मजल्यावरच्या चौदा माणसांपैकी कुणालाच सांगता येईना. मुख्य संपादक कोबली यांनी ट्रेमधली चिठ्ठी उचलली, वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन दहा," ते त्या माणसांना म्हणाले. मग चिठ्ठी ऑरिनच्या हातात देत हळूच म्हणाले, "नोंद अचूक आहे, टास्कर." आयुष्यात त्यांनी त्याचं केलेलं हे एकमेव कौतुक.

मिस पेल वाचल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं. कचेरीत सगळे हळहळले. वाचा गेल्याने कामात काय फरक पडेल, हे मात्र कुणाला नेमकं सांगता आलं नसतं.

निवृत्तीला दोन दिवस असताना इस्पितळातून ऑरिनच्या नावे पाकीट आलं. आत कचेरीचीच चिठ्ठी होती, डाव्या हाताने लिहिलेली. अक्षरं बर्फावरून चालणाऱ्या माणसासारखी लडखडत होती.

'मी शुद्धीवर होते. आधी तो आवाज झाला, मग तुमच्या पेन्सिलीचा. दोन्ही नीट ऐकू आले. काय पडलं हे न विचारताही माणसाचं भागतं, याचा पुरावा मिळाला. माझा आक्षेप मागे. व्याख्या मंजूर. वि. पे.'

कचेरीतली चिठ्ठी कधीच फाडायची नाही, हा दुसरा रिवाज. ऑरिनने तिच्यावर तारीख घातली आणि 'थड'च्या खणात गुरुवारच्या चिठ्ठीमागे ती लावली. व्याख्या अक्षरही न बदलता छापायला गेली.

उरलेले दोन दिवस छपरावरून बर्फ घसरला की तो ताडकन उठे आणि फळीवरून डोकावे. पलीकडे रिकामी खुर्ची. आसपासची मंडळी माना वर करून, एखाद्या असभ्य माणसाकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहत आणि पुन्हा आपापल्या शब्दात माना घालत.